आबांचा होकार

दोन्ही गाड्या एकाच दिवशी बोलवायच्या, हे मी ठरवलं. एक आज पाहायची आणि दुसरी पंधरा दिवसांनी, असं केलं की तुलना होत नाही. ज्याची बडबड शेवटी ऐकली त्याचीच गाडी चांगली वाटायला लागते. म्हणून एकच दिवस, एकच रस्ता आणि एकच पेशंट. पेशंट म्हणजे आबा, माझे वडील.

आबांना लकवा मारला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. म्हणजे एक शब्द सोडून सगळी गेली. राहिलेला शब्द होता ‘बराबर’. पाणी पाजताना, कूस वळवताना, कुणी भेटायला आल्यावर आबांच्या तोंडून तेवढाच शब्द यायचा, आणि तो अगदी स्वच्छ यायचा, पहिल्यासारखा भारदस्त.

हाच शब्द का राहिला, याचं आमच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. जालना जिल्हा वेगळा झाला त्या साली आबांनी एक जुनी जीप घेतली. मी तेव्हा शाळेत होते. विकणारा अंबडचा होता. तो बोलत होता, आबा ऐकत होते. त्यांनी जीपभोवती चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं, खाली वाकून तेल गळतंय का ते पाहिलं. यातल्या कशावरही ते काही बोलले नाहीत. शेवटी उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “बराबर.” विकणाऱ्याने लगेच हात पुढे केला. बैल असो, बियाणं असो, मला आलेलं स्थळ असो, आबांचं ‘बराबर’ आलं की विषय संपला. त्यानंतर कुणी काही बोलायला लागलं तर ते उठून शेतात निघून जायचे.

त्यामुळे लकव्यानंतर पहिल्यांदा त्यांनी तो शब्द उच्चारला तेव्हा माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटली की डोकं शाबूत आहे, बाकी सगळं येईल हळूहळू.

औरंगाबादला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. “हा शब्द त्यांच्या तोंडात अडकलेला आहे. ते उत्तर नाही. हो म्हणायचं असलं तरी तेच येईल, नाही म्हणायचं असलं तरी तेच. त्याच्यावर जाऊ नका.” मग म्हणाल्या, जे काही परत येतं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. आठवड्यातून दोनदा आणलं तर थोडी आशा धरा. अधूनमधून आणणार असाल तर धरू नका.

आठवड्यातून दोनदा. आमचं गाव घनसावंगीजवळ, गोदावरीच्या अंगाला. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या रस्त्याची चाळण करतात. भाड्याच्या जीपमध्ये मागे गादी टाकून आबांना न्यायचं, अंबडपर्यंत पोचेपर्यंत ते पांढरे पडायचे. औरंगाबादला पोचल्यावर बाईंसमोर बसवलं की मान टाकून द्यायचे. शिकवणी व्हायचीच नाही. बाई कार्ड दाखवायच्या आणि आबा झोपलेले असायचे. परतीचा रस्ता तितकाच. गाडीचा प्रश्न होता तो हा. आबा पुन्हा बोलतील का, हे आबांना न दमवता औरंगाबादला नेता येतं का यावर अवलंबून होतं, आणि वर्ष संपत आलं होतं.

मला दोन भाऊ, दोघेही माझ्याहून लहान. थोरला शेती बघतो. धाकटा अंबडला गुत्तेदार आहे, रस्त्याची आणि नाल्यांची कामं घेतो. अंबड रोडची आमची जमीन त्या वर्षी विकली गेली होती. थोरला म्हणाला, “जमीन आबाची, मंग गाडी बी आबासाठीच. आन् घ्यायची तर सगळ्यात भारी घ्यायची. लोकांनी बघत राह्यलं पाह्यजे.”

“लोकांना काय दाखवायचंय?” मी म्हणाले. “आबांना झोपता आलं पाहिजे.”

“आक्का, तू तुझा तक्ता कर,” धाकटा म्हणाला. “कलेक्टरीणबाईचा तक्ता झाल्याबिगर आपल्या घरात दूध बी तापत न्हाई.”

मी जालन्याला सरकारी कचेरीत नोकरी करते, म्हणून हे टोपणनाव. शनिवारी-रविवारी गावी जायचे. आबांच्या गोळ्या, व्यायाम, कूस बदलण्याच्या वेळा, सगळं भिंतीवर मीच लावलेलं होतं. गाड्यांचाही तक्ता केला. दाराची रुंदी, पायरीची उंची, पुढची सीट किती मागे सरकते आणि किती आडवी होते, चाकाची खुर्ची मागे मावते का, खड्ड्यात किती हादरे बसतात, बिघडली तर दुरुस्ती जालन्यात होते का. दिसणं, रंग आणि आत गाणी कशी वाजतात हे मी मुद्दाम धरलं नाही.

दोन गाड्या निवडून उरल्या होत्या. एक काळी, एक पांढरी. तशा गाड्या तेव्हा आमच्या भागात एखाद्या आमदाराकडे नाहीतर कारखानदाराकडे दिसायच्या. काळी बुटकी, रुंद, आतून मऊ. पांढरी उंच, दणकट, बाजूला चढायला फळी लावलेली. काळी धाकट्याला हवी होती, पांढरी थोरल्याला.

दोन्ही कंपन्यांची माणसं सकाळीच गाड्या घेऊन औरंगाबादहून आली. आमच्या अंगणात गाड्या उभ्या राहिल्या आणि गल्ली गोळा झाली. दोन्ही माणसं टाय लावून आलेली. एकमेकांकडे बघत नव्हती.

“ही गाडी नाल्यातून जाते,” थोरला पांढरीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला. “नदीतून जाते. पावसाळ्यात आपला पूल बुडाला तरी बी जाईल.”

“आबाला नदीत न्यायचंय का दवाखान्यात?” धाकटा म्हणाला.

“तुला काय, अंबडच्या कोर्टापुढं उभी करायला पाह्यजे काळी गाडी. वकील लोक सलाम करतेत म्हणून.”

“आन् तुला न्हाई का कारखान्याच्या मीटिंगला न्यायची? उंच गाडीतून उतरलं की माणूस आपोआप चेअरमन दिसतो.”

लोक हसले. माय ओट्यावर बसून बघत होती. ती म्हणाली, “तोंडं काय बघून राह्यलेत गाड्यांची? त्या पांढरीत चढायला शिडी लागती. तुमच्या बापाला शिडीवरून नेनार का?”

माझ्या तक्त्यात नेमका हाच मुद्दा सगळ्यात वर होता. मी पायरीची उंची टेपने मोजून दाखवली. थोरला म्हणाला, चौघांनी उचललं तर उंचीचा काय फरक पडतो. धाकटा म्हणाला, चौघे रोज कुठून आणायचे. मग थोरल्याने तो मुद्दा काढला ज्यावर आमच्या घरात कुणालाच काही बोलता येत नाही.

“आबालाच इचारा. गाडी आबाची हाय.”

मी बाईंचं सांगणं पुन्हा सांगितलं. तो शब्द उत्तर नाही म्हणून.

“बाईला काय म्हाईत?” थोरला म्हणाला. “औरंगाबादच्या बाईला आबाचं ‘बराबर’ समजतं का? ती आबाला आत्ता बघून राह्यली. आपण जन्मापासून बघून राह्यलो.”

धाकट्याचंही तेच मत होतं. त्याचं कारण वेगळं होतं: आबा काळीला ‘बराबर’ म्हणतील याची त्याला खात्री होती. मायसुद्धा म्हणाली, “इचारा. त्यायला कळतंय सगळं.” तिघेही एका बाजूला. मी वही घेऊन मागच्या सीटवर बसले.

आधी काळी. आबांना खुर्चीतून पुढच्या सीटवर घेणं दोघांत झालं. सीट मागे सरकवली, पाठ आडवी केली. घनसावंगीच्या रस्त्याला लागलो. उसाची एक ट्रॉली पुढे होती, तिच्या मागे खड्डे चुकवत गाडी चालली. आबांची मान सरळ राहिली. धाकटा चालवणाऱ्याच्या मागे बसला होता, तो पुढे वाकून म्हणाला, “आबा, कशी हाय गाडी?”

आबा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, “बराबर.”

धाकट्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी हादऱ्यांच्या रकान्यात चांगला शेरा लिहिला. परत आलो तोवर आबांचा चेहरा निघतानासारखाच होता. हे महत्त्वाचं होतं, तेही लिहिलं.

लगेच पांढरी. मध्ये थांबू नये, असं मीच सांगितलं होतं, म्हणजे आबांची दमणूक सारखीच मोजता येईल. इथे उचलायला चौघे लागले. थोरला, धाकटा, कंपनीचा माणूस आणि शेजारचे एक काका. आबांचा लुळा पाय दाराच्या कडेला आपटला. वर बसवल्यावर थोरला दुसऱ्या बाजूने आत चढला आणि आबांच्या मागच्या सीटवर बसला.

रस्ता तोच. गाडी मोठी, आवाज कमी, पण खड्ड्यात ती आख्खी डोलत होती. अर्ध्या वाटेवर थोरल्याने विचारलं, “आबा, बघा बरं कशी वाटून राह्यली?”

“बराबर.”

“बघ,” तो मला म्हणाला.

मग आबा न विचारताच म्हणाले, “बराबर.” थोड्या वेळाने पुन्हा. “बराबर, बराबर.” आवाज चढत गेला. त्यांनी डावा हात दाराच्या मुठीवर ठेवला आणि ती घट्ट धरली.

थोरला सीटवर उडायचाच राहिला होता. “ऐक आक्का! काळीत एकदाच म्हणले. हितं किती येळा म्हणून राह्यले! मूठ बघ कशी धरली. सोडंनात. जुनी जीप घेतली तवा बी असेच बसल्ते पुढं.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वर्षभरात मी त्याला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. “लिही की. तुझ्या तक्त्यात लिही हे.”

आबा म्हणत राहिले. “बराबर. बराबर. बराबर!” चालवणारा कंपनीचा माणूस हसून म्हणाला, “काकांना गाडी फारच आवडली.” मी पेन धरून बसले होते. कुठल्या रकान्यात लिहावं ते मला ठरवता येईना. आमच्या घराच्या वळणावर ते एकदम गप्प झाले.

अंगणात दार उघडलं तेव्हा कळलं. धोतर ओलं झालं होतं. खालची सीट दुधाळ रंगाची, चामड्याची होती आणि तिच्यावरून ओघळ खाली पायदाणीत गेला होता. आबा समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होते. त्यांचा डावा हात अजून मुठीवर होता.

गल्लीतली माणसं तशीच उभी होती. कंपनीच्या माणसाने आधी सीटकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं, आणि घाईने म्हणाला, “काही प्रॉब्लेम नाही सर, क्लीनिंग होऊन जातं.”

थोरल्याने खांद्यावरचा टॉवेल काढला. तो आबांच्या मांडीवर पसरला, नीट, गुडघ्यापर्यंत. मग वळून मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “हीच घेतली. नवी नको. हीच गाडी पाह्यजे, आत्ता उभी हाय ती. सीट बिलकुल धुवायची न्हाई तुम्ही.”

“सर, ही डेमो गाडी आहे...”

“मंग तशीच दुसरी द्या. पण घेतली म्हणून लिवा.”

धाकटा आत गेला, बादली भरून आणली आणि काळी गाडी घेऊन आलेल्या माणसाला म्हणाला, “तुम्ही चहा घेऊन जावा, साहेब.” माझ्या वहीतली बेरीज कुणी विचारली नाही, मीही सांगितली नाही. आबांच्या इभ्रतीपुढे पायरीची उंची काढणार कोण?

पांढरी गाडी घरी आली. मायने हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पहिल्या फेरीला आबांना वर घेताना थोरल्याने काखेत हात घालून ओढलं आणि लुळा उजवा खांदा सांध्यातून सरकला. आबा ओरडले. ओरडले तेही तोच शब्द. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेलं. शेजारचे काका आबांचे पाय हातात धरून तसेच उभे राहिले. उचलायचं की खाली ठेवायचं हे त्यांना समजेना, कारण आबा तर ‘बराबर’ म्हणत होते.

खांदा बांधला. त्यात काही फेऱ्या बुडाल्या. पुढे ऊसतोडीला वेग आला, घरात चौघे पुरुष एका वेळी सापडेनात. धाकट्याला बिलांसाठी फिरावं लागायचं, तेव्हा मोकळी उभी असलेली गाडी तो नेऊ लागला. मग थोरलाही नेऊ लागला. मी आठवड्याच्या फेऱ्या दोन ठरवलेल्या होत्या, त्या एकीवर आल्या, मग जमेल तशा. औरंगाबादच्या बाईंनी शेवटी फोनवर सांगितलं की आता वर्ष उलटलं, एवढा त्रास देऊन आणू नका, घरीच कार्डांवर सराव घ्या. काळी घेतली असती तर आबा बोलले असते, असं मी म्हणत नाही. बाईही तसं म्हणाल्या नाहीत.

कार्डं मी केली. पाणी, भूक, लघवी, दुखतंय, पंखा, कूस. जाड पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली आणि शनिवारी आबांच्या पुढ्यात मांडली. त्यांनी डाव्या हाताने एकेक उचललं, कडा जुळवून एकावर एक ठेवलं आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. मी पुन्हा मांडली. त्यांनी पुन्हा गठ्ठा करून दिला.

मायचं म्हणणं होतं की तिला आवाजावरून कळतं. “भूक लागली की लांब म्हणतेत. बराऽबर. आन् लघवी आली की तुटक.” हे मला उपयोगाचं वाटलं. मी तिला खुणा करायला शिकवलं: लांब, तुटक, हळू, मोठ्याने, आणि त्यानंतर खरोखर काय लागलं ते. पुष्कळ दिवस तिने न कंटाळता खुणा केल्या. मी जालन्याला बसून त्या जुळवून पाहिल्या. लांब म्हटल्यावर लघवी झालेली होती, तुटक म्हटल्यावर दूध प्यायलेलं होतं, मोठ्याने म्हटल्यावर काहीच लागलं नव्हतं. कशाचा कशाशी मेळ नव्हता. मायला मी ते सांगितलं. ती म्हणाली, “मंग मला कसं कळतंय?”

दुसरा मार्ग एकच होता, घड्याळाचा. लघवीचं भांडं ठरावीक वेळाने द्यायचं, त्यांनी काही म्हणो न म्हणो. पाणी, चहा, दूध, पंखा, कूस, सगळं वेळेवर. थोरल्याच्या बायकोला मी नीट समजावून दिलं आणि ती खरोखर काटेकोर निघाली. महिनाभरात धोतर ओलं व्हायचं थांबलं. पाठीला जखम झाली नाही. भेटायला येणारे म्हणायचे, ठेवलंय बाकी छान तुम्ही आबांना.

आणि मग एका शनिवारी मी मायला सहज विचारलं, “आबा काय म्हणतात?”

“काय म्हणनार?” ती म्हणाली आणि तिथेच थांबली. तिने आत हाक मारून सुनेला विचारलं, “आबा बोलले का गं काल-परवा?” सून पदराला हात पुसत बाहेर आली. तिला आठवेना. थोरला अंगणात गाडी धूत होता, त्याला विचारलं. तो पाण्याची नळी धरून विचार करत उभा राहिला. “सोमवारी... न्हाई. सोमवारी मी कारखान्यावर गेल्तो.” शेवटचं कधी ऐकलं हे तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. आबा काही हवं असलं की, नाहीतर कुणी विचारलं की बोलायचे, आणि सगळं वेळेवर मिळत असल्यामुळे त्यांना आता कुणी काही विचारत नव्हतं.

मी आत गेले. खाटेजवळ स्टूल ओढून बसले. पाण्याची वेळ झालेली नव्हती, तरी म्हणाले, “आबा, पाणी देऊ का?”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बाहेर नळीचं पाणी पत्र्यावर वाजत होतं. मग त्यांनी डाव्या हाताने खाटेची कड धरली, जोर लावला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.